इंदूरच्या बाजारात तार आली तेव्हा

मंडळी, तारेचा विषय काढला की लोक लगेच १८५७ वर येतात, तारेमुळे इंग्रज कसे वाचले वगैरे. ते आज सोडून देऊ, त्यावर भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते अफूबद्दल, कारण इंदूरच्या बाजारात तारेची खरी गरज होती ती अफूच्या व्यापाऱ्यांना.

आधी थोडं बॅकग्राउंड. ओशॉनेसी नावाचा एक डॉक्टर कलकत्त्याला तारेचे प्रयोग करत होता, त्यालाच गव्हर्नर जनरल डलहौसीने हे काम दिलं आणि १८५३ नंतर कलकत्ता-आग्रा आणि आग्रा-मुंबई अशी लाइन टाकली गेली, ती आपल्या ग्वाल्हेर-इंदूरवरून. १८५५ च्या फेब्रुवारीत पब्लिकसाठी खुली झाली. आता तार म्हणजे बारीक वायर समजू नका, चांगली जाड लोखंडी सळई होती, माकडं लटकणार, घारी बसणार हे ओशॉनेसीने आधीच धरलेलं. रेल्वे यायला मात्र अजून वीसेक वर्षं होती, तिच्यासाठी तर इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटीचं कर्ज दिलं. म्हणजे इतकी वर्षं माल बैलावर आणि भाव विजेवर!

माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. जायच्या आधी इंदूरच्या सरकारी काट्यावर पेट्या तोलायच्या, पासचे, म्हणजे माल बाहेर न्यायच्या परवान्याचे, पैसे भरायचे, मग पुढे. भाव ठरणार चीनमध्ये, शिवाय कलकत्त्याला सरकारी अफूचा लिलाव व्हायचा त्याचाही असर. पूर्वी ही खबर हरकारा नाहीतर सांडणीस्वार आणायचा आणि ज्याचा माणूस आधी पोचला त्याने बाजार मारला, सरळ हिशेब. मग १८५८ ला तार सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचली. आता चीनहून येणारी मेल बोट गॉल बंदराला लागली की भाव तिथूनच तारेने मुंबईला, बोट येतेय मागून सावकाश. १८७० ला विलायतेची समुद्री केबल मुंबईला लागली आणि पुढच्या वर्षी हाँगकाँगही जोडलं गेलं, म्हणजे बोटीची वाटच बघायची नाही.

पण यामुळे बाजार सगळ्यांना सारखा झाला असं म्हणतात ना, ते मला पटत नाही. सुरुवातीचा रेट होता ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया. इंदूर-मुंबई त्याच्या आतच बसतं, पण महिन्याला चार-पाच रुपये कमावणारा कशाला तार करतोय? आणि अफू पिकवणारा शेतकरी तर पिकाआधीच सावकाराकडून उचल घेऊन बसलेला, त्याला हाँगकाँगचा भाव कळून तरी काय उपयोग. फायदा झाला ज्याचा मुंबईत पक्का अडत्या बसलाय त्याचा, आणि सट्टेवाल्यांचा. माल न बघता नुसत्या तेजी-मंदीवर सौदे आधीही चालायचे, तारेने त्यांना रोजचा खुराक दिला. आणि तार जाते सरकारी बाबूच्या हातून, तो वाचणारच, म्हणून व्यापाऱ्यांनी खुणेचे शब्द ठरवले, त्यात शब्दही वाचले, पैसेही.

सर हुकुमचंद याच बाजारातले, अफू आणि कापूस दोन्हीच्या सट्ट्यात गाजलेलं नाव. १९१३ ला चीनला जाणारी अफूची निर्यात बंद पडली, पण सवय थोडीच सुटते, सट्टा कापसावर चालूच राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव तारेने मुंबईला यायला लागले आणि त्याच्या ओपन-क्लोजवर, म्हणजे बाजार उघडतानाच्या आणि बंद होतानाच्या भावावर, आकड्याचा जुगार सुरू झाला, ज्यात मग कापसाची गाठ कधी न बघितलेला माणूसही पैसे लावायला लागला.