शोधही आणि आसही

श्रोतेहो, अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

मृगात पेरलं आणि पावसानं दडी मारली. आपल्या विदर्भातल्या खेड्यात यापुढचं कुणाला सांगावं लागत नाही. मी लहान होतो त्या वर्षी अब्बा पेरलेल्या तासात उकिडवे बसले, बोटानं माती उकरली आणि सोयाबीनचा दाणा तळहातावर घेतला. फुगलेला, पण कोंब नाही. चिमटीत धरताच साल सुटली, आंबूस वास आला. दुसरा दाणा, तिसरा, तेच. मग धुऱ्यावर बसून त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

पाच वक्त नमाज पढणारा माणूस रडतो कसा, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढे कुराणातली १२वी सूरह, सूरह यूसुफ वाचली. हजरत याकूब यांचा लाडका लेक यूसुफ हरवला आणि दुःखानं बापाचे डोळे पांढरे पडले, असं कुराणच सांगतं. पैगंबर होते ते! म्हणून सांगतो, दुखावलेल्या माणसाला ‘इमान पक्कं असेल तर रडू नको’ असं कृपा करून म्हणू नका. फार कठोर बोलणं आहे ते.

पण तेच याकूब ८७व्या आयतीत पोरांना म्हणतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या रहमतीची आस सोडू नका. शोध आणि आस, दोन्ही एकाच आयतीत. आपण मात्र सब्र म्हणजे गप्प बसून सोसणं असं धरून चालतो. इस्माईलची आई बीबी हाजरा बसून राहिल्या का? तान्ह्या इस्माईलच्या पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्यांनी सात फेऱ्या मारल्या. जमजमचं पाणी निघालं ते टेकडीवर नाही, बाळापाशी. हजला, उमराहला गेलेला प्रत्येक जण आजही त्या सात फेऱ्या मारतो.

कर्जाच्या काळजीनं आज कुणाला झोप नसेल, मनात भलतंच येत असेल, तर भाऊ, ताई, ऐका. सूरह निसाच्या २९व्या आयतीत अल्लाह म्हणतो, स्वतःचा जीव घेऊ नका, अल्लाह तुमच्यावर मेहरबान आहे. घरातल्या माणसाला उठवा, त्याच्यापाशी बोला. नाहीतर १४४१६ लावा. टेली मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही कुणीतरी उचलतं. मदत मागणं हाही शोधच आहे.

त्या वर्षी अम्मीनं कोठीतल्या घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर त्यावर पाणी शिंपडायची. सहाव्या दिवशी गोणपाट उलगडलं. आम्ही सगळे भोवती बसलो, अब्बा एकेक कोंब मोजू लागले. ७४ निघाले. ७० उगवले की बियाणं पेरायला चालतं.

अब्बांनी तिफण अंगणात काढून ठेवली. पाऊस अजून आला नव्हता.