बाजारात न मिळणारा खेळाडू

मित्रहो, नामवंत फुटबॉलपटू आणि त्यांचे राष्ट्रीय संघ हा विषय निघाला की आपल्या मनात लगेच जोड्या जुळू लागतात. पेले म्हणजे ब्राझील, मॅराडोना म्हणजे अर्जेंटिना, योहान क्रायफ म्हणजे नेदरलँड्स. या जोड्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या जन्मतःच ठरलेल्या असाव्यात असे वाटते. मला आज नेमके त्याविषयी बोलायचे आहे, कारण यांतल्या बऱ्याच जोड्या जन्माने जुळलेल्या नसतात. कागद, इतिहास, एखाद्या संघटनेची धावपळ आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा एक निर्णय यांतून त्या जुळतात.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. क्लबला डाव्या बगलेचा बचावपटू हवा असेल तर तो पैसे मोजून आणता येतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ही सोय नाही. देशाच्या एका पिढीत जे खेळाडू निपजले त्यांच्यातूनच अकरा जण उभे करावे लागतात, मग त्यांत पाच उत्तम आघाडीवीर असोत आणि धड गोलरक्षक एकही नसो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैशाने खेळाडू विकत घेता येत नाही अशी बहुधा ही एकच जागा उरली आहे, आणि म्हणूनच 'आपला कोण' हा प्रश्न तिथे इतक्या अटीतटीचा होतो.

याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती लहान देशांतल्या मोठ्या खेळाडूंनी. लायबेरियाच्या जॉर्ज वेआ यांना १९९५ साली बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा सन्मान, मिळाला. तोवर हा सन्मान फक्त युरोपीय खेळाडूंनाच मिळत असे. ती अट त्याच वर्षी उठली आणि पहिला लाभ वेआंना झाला. मात्र यादवी युद्धाने मोडून पडलेल्या त्यांच्या देशाकडे संघाला प्रवासाला पाठवण्याइतकाही पैसा नव्हता, तो खर्च वेआ स्वतःच्या खिशातून करत. २००२च्या विश्वचषकाची पात्रता लायबेरियाने नायजेरियापेक्षा एका गुणाने गमावली. उत्तर आयर्लंडचा जॉर्ज बेस्ट विश्वचषकात कधीच खेळला नाही. त्याचा देश १९८२मध्ये स्पर्धेत पोहोचला तेव्हा बेस्ट ३६ वर्षांचा झाला होता आणि संघात नव्हता. वेल्सच्या रायन गिग्जने मँचेस्टर युनायटेडकडून १३ लीग विजेतेपदे मिळवली, पण देशाकडून एकही मोठी स्पर्धा त्याच्या वाट्याला आली नाही. तो इंग्लंडकडून खेळू शकला असता, असे अजूनही अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरे नाही. त्याने इंग्लंडच्या शालेय संघाचे नेतृत्व केले, ते केवळ त्याची शाळा इंग्लंडमध्ये होती म्हणून.

२१ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधल्या विश्वचषकात अमेरिका आणि वेल्स यांचा सामना झाला. ३६व्या मिनिटाला अमेरिकेचा गोल झाला, तो टिमोथी वेआचा. हा जॉर्ज वेआंचा मुलगा. तो न्यूयॉर्कमध्ये जन्मला, आणि वडिलांना लायबेरियासाठी जे जमले नाही ते त्याने दुसऱ्याच देशाच्या जर्सीत करून दाखवले. ८२व्या मिनिटाला गॅरेथ बेलने पेनल्टीवर बरोबरी साधली, तेव्हा १९५८नंतर प्रथमच वेल्सच्या नावावर विश्वचषकातला गोल लागला. बरोबरीत सुटलेला हा साखळी सामना बहुतेकांच्या स्मरणातही नसेल, पण मला तो त्या स्पर्धेतल्या अनेक गाजलेल्या सामन्यांहून मोलाचा वाटतो.

एकेकाळी देश बदलणे सोपे होते. लुईस मोंती १९३०ची अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ची इटलीकडून. आल्फ्रेदो दी स्तेफानो अर्जेंटिनाकडून सहा सामने खेळले आणि त्यांत त्यांनी सहा गोल केले, नंतर ते स्पेनकडून ३१ सामने खेळले. रिआल माद्रिदला लागोपाठ पाच युरोपियन चषक जिंकून देणाऱ्या संघाचा हा कणा, पण दोन देशांची जर्सी अंगावर चढवूनही विश्वचषकाचा एकही सामना त्यांच्या नशिबी नव्हता. १९६२मध्ये ते स्पेनच्या चमूत होते आणि दुखापतीमुळे बाहेर बसले. त्याच चमूत फेरेन्क पुश्काश होते. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल करणारा हा माणूस १९५६च्या उठावाच्या वेळी क्लबबरोबर परदेशी होता, मायदेशी परतला नाही, आणि सहा वर्षांनी चिलीतल्या विश्वचषकात स्पेनच्या वतीने उतरला. स्पेनसाठी चार सामने, गोल शून्य. अशी उदाहरणे वाढू लागल्यावर १९६०च्या दशकात फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, दार लावून घेतले: एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्या देशाकडून खेळता येईना.

दार लागल्यावर पहिल्या सामन्याला विलक्षण महत्त्व आले. लिओनेल मेस्सीची कथा यासाठीच सांगण्यासारखी आहे. तेरा वर्षांचा असताना तो रोसारियो सोडून बार्सिलोनाला गेला. तिथल्या युवा संघांत तो इतका चमकला की स्पेनच्या युवा संघाकडून त्याला विचारणा होऊ लागली, आणि अर्जेंटिनाच्या संघटनेला घाम फुटला. २९ जून २००४ रोजी त्यांनी घाईघाईने पॅराग्वेच्या २० वर्षांखालील संघाशी एक मैत्रीपूर्ण सामना जमवला. मैदान अर्जेंटिनोस ज्युनिअर्सचे, म्हणजे जिथून मॅराडोनाची कारकीर्द सुरू झाली तेच. सामना आठ-शून्य असा सुटला. मेस्सी उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून आला आणि एक गोल करून गेला. निकालाशी कोणाला फारसे कर्तव्य नव्हते. या मुलाचे नाव अर्जेंटिनाच्या जर्सीत अधिकृतपणे नोंदले जावे, एवढाच त्या संध्याकाळचा उद्देश होता. म्हणजे आज ज्याच्याशिवाय अर्जेंटिनाची कल्पनाच करता येत नाही, त्याच्यावर हक्क सांगण्यासाठी एक सामना मुद्दाम घडवून आणावा लागला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध त्याने मुख्य संघातून पदार्पण केले आणि मैदानात उतरल्यावर दोनेक मिनिटांतच लाल कार्ड घेऊन बाहेर पडला. पुढे कितीतरी वर्षे त्याला मायदेशात ऐकावे लागले की तो बार्सिलोनाचा आहे, आपला नाही. २०१६च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर त्याने निवृत्तीही जाहीर केली होती, ती काही आठवडेच टिकली. २०२१ची कोपा आणि २०२२चा विश्वचषक यांनंतर त्या टोमण्यांचे नावही कोणी काढत नाही.

स्थलांतरितांच्या मुलांपुढे हा प्रश्न आणखी जवळून उभा राहतो, प्रसंगी एकाच घरात. जेरोम बोआटेंग जर्मनीकडून खेळला आणि त्याचा सावत्र भाऊ केविन-प्रिन्स घानाकडून. २०१० आणि २०१४ या दोन्ही विश्वचषकांत ते एकमेकांसमोर आले. २०१६च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत ग्रानित झाका स्वित्झर्लंडकडून आणि थोरला भाऊ ताउलांत अल्बेनियाकडून उतरला, आणि त्यांची आई दोन्ही देशांचे झेंडे अर्धे अर्धे असलेला शर्ट घालून प्रेक्षकांत बसली होती. ब्रील एम्बोलोला तर आपल्या जन्मदेशाविरुद्धच गोल करावा लागला. तो कॅमेरूनची राजधानी याउंदे इथे जन्मला आणि स्वित्झर्लंडमध्ये वाढला. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी याच दोन देशांच्या सामन्यात शाकिरीच्या पासवर त्याने चेंडू जाळ्यात मारला आणि दोन्ही हात पसरून तो जागीच थांबला. सहकारी धावत येऊन त्याला बिलगले. तो मात्र हसलाही नाही. स्वित्झर्लंडने तो सामना याच एका गोलने जिंकला.

नियमांची धार किती तीक्ष्ण असते, हे मुनीर अल हद्दादीच्या बाबतीत दिसले. हा स्पेनमध्ये जन्मलेला, वडील मोरोक्कोचे, बार्सिलोनाचा उमदा आघाडीवीर. ८ सप्टेंबर २०१४ रोजी, एकोणिसावा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झालेला असताना, स्पेनने त्याला युरोच्या पात्रता फेरीत मॅसेडोनियाविरुद्ध ७७व्या मिनिटाला उतरवले. तो तेरा मिनिटे खेळला. स्पेनच्या मुख्य संघाने त्याला पुन्हा कधी बोलावले नाही, पण सामना अधिकृत स्पर्धेतला असल्याने मोरोक्कोची वाटही बंद झाली. २०१८च्या विश्वचषकाआधी मोरोक्कोने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. २०२०मध्ये फिफाने नियम सैल केला. एकविसाव्या वर्षाआधी मुख्य संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळलेले असावेत, ते विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेतले नसावेत आणि मधे तीन वर्षे गेलेली असावीत, अशा अटींवर देश बदलता येऊ लागला. मार्च २०२१मध्ये अल हद्दादी अखेर मोरोक्कोकडून खेळला.

२०२२च्या विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली, आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाने त्याआधी ती गाठली नव्हती. त्यांच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण परदेशात जन्मलेले होते. ६ डिसेंबरला स्पेनविरुद्धचा सामना पेनल्टी शूटआउटवर गेला आणि निर्णायक फटक्यासाठी आला अश्रफ हकीमी, माद्रिदमध्ये जन्मलेला आणि रिआल माद्रिदच्या अकादमीत घडलेला. गोलरक्षक एका बाजूला झेपावला आणि हकीमीने चेंडू अलगद उचलून मधोमध टाकला. मुनीर अल हद्दादी त्या २६ जणांत नव्हता.