ट्रेलरवरची बोट आणि मागे लटकलेली मोटर

(नागपुरात आपदा मित्र आणि बोटिंगवाल्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. बोट पाण्यात कशी चालवायची ते मी सांगणार नाही, ते तुम्ही रोज करताच. मी बोलणार रस्त्यावरचं, कारण आपल्या नागपूरकडची बोट पाण्यात कमी अन् रस्त्यावर जास्त असते. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जा, नाहीतर आंभोऱ्याला वैनगंगेवर जा, ट्रेलर लावूनच जावं लागते. आणि 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी घराघरात शिरली तेव्हा बोटी शहराच्या गल्ल्यांत आणाव्या लागल्या होत्या, म्हणजे बोट रस्त्याने धड पोचणं हासुद्धा रेस्क्यूचाच भाग आहे, असं मी मानतो.

आता ओबीएम बघा, म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे बाहेरून लटकणारी. 40 हॉर्सपॉवरची मोटर टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक त्यावर साधारण 70 ते 100 किलो भरते. एवढं वजन बोटीच्या मागच्या पाटीवर, म्हणजे ट्रान्समवर, चार बोल्टवर टांगलेलं. पाण्यात पाणी धक्का खाते. रस्त्यावर तसं कोणी नाही, कामठी-कन्हान करत मनसरला पोचेपर्यंत जेवढे स्पीड ब्रेकर, जेवढे खड्डे, तेवढे धक्के सरळ मोटरला.

आपल्याकडे सगळ्यात कॉमन काय चालते? मोटर वर उचलायची, बाजूचा तो छोटा टिल्ट लॉकचा खटका लावायचा, अन् चालले. भाऊ, तो खटका रोडसाठी नाहीच. तो बोट उभी असताना, पंखा बदलताना, दुरुस्ती करताना मोटर वर राहावी म्हणून दिलेला आहे. यामाहा घ्या, मर्क्युरी घ्या, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असते की टोईंग करताना त्याच्यावर मोटर ठेवू नका, हादऱ्याने सुटून खाली पडू शकते. आणि काहून सुटते तेही समजून घ्या. दार वाऱ्याने आपटून राहिलं असेल तर बिजागरीजवळ हाताचं बोट लावून ते थांबवून बघा, अन् मग कडीजवळ धरून बघा. खटका बिजागरीजवळ आहे, मोटरचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, तिकडे लांब बाहेर. खड्ड्यात तो पाय वर-खाली झुलला की सगळा जोर त्या एवढ्याशा खटक्यावर. मोटर बटनाने वर-खाली करणारं हायड्रॉलिक ट्रिम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात रिलीफ व्हॉल्व्ह असतात, जोराचा धक्का बसला की ते उघडतात, त्यांचं कामच ते आहे.

मग करायचं काय? पहिला पर्याय, मोटर सरळ खाली ठेवा, पाण्यात असते तशी. त्याच्यासारखं काही नाही, ती आपल्या जागेवर बसलेली असते. पण स्केग, म्हणजे खालचं पातं, रोडपासून किती वर राहते ते सपाट पार्किंगमध्ये नाही, गाडी जोडून, बोट भरून, तुमच्या घराजवळच्या सगळ्यात वाईट स्पीड ब्रेकरवर कोणाला तरी खाली वाकून बघायला लावा. टेकत असेल तर वर उचला, पण लागते तेवढीच, पूर्ण नाही.

उचलली की आधार पाहिजे. एक म्हणजे दांडी, जिला ट्रान्सम सेव्हर म्हणतात. तिचं एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपात नाहीतर रोलरच्या ब्रॅकेटमध्ये, दुसऱ्या टोकाला रबर लावलेलं व्ही आकाराची खाच, ती मोटरच्या पायाला खालून बसते. बसवलं की रबरी पट्टा पायाभोवती ताणून अडकवायचा, अन् मग ट्रिमचं बटन दाबून मोटर हळूच खाली घ्यायची, दांडी घट्ट होईपर्यंत. हाताने हलवून बघा, खडखड नाही आली पाहिजे. स्टिअरिंगही बांधा, नाहीतर मोटर डावी-उजवी डोलते.

पण माझा खरा आग्रह याच्यापुढे आहे. दांडी लावायच्या आधी बोटीची मागची बाजू ट्रेलरला रॅचेट पट्ट्याने कसून बांधा, दोन्ही कोपरे. पुढे विंचला, म्हणजे ट्रेलरवरच्या दोर ओढायच्या चरखीला, दोर आहे म्हणून लोक मागे मोकळं सोडतात, अन् मग होते असं की खड्ड्यात बोट ट्रेलरवरून उसळते, ट्रेलर वेगळा हलते, बोट वेगळी, अन् मधली दांडी ट्रेलरचा ठोसा सरळ मोटरच्या पायात मारते. दांडीने मोटर खराब झाली असं जे म्हणतात ना, त्यात मला बरेचदा मागचा रॅचेट पट्टाच दिसत नाही. बोट अन् ट्रेलर एकजीव असतील तरच दांडीचा फायदा आहे. आणि माझ्या मते मोठा फायदा टिल्टच्या यंत्रणेला होतो, ट्रान्समला त्यानंतर.

दुसरा प्रकार म्हणजे ठोकळा. मोटर ट्रान्समला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या मधात बसणारा, मोटर त्याच्यावर टेकवायची, ट्रेलरशी संबंधच नाही. मधल्या साइजच्या मोटरला चांगला. हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्याला मात्र लोखंड घासू देऊ नका, ओरखडा पडला की सील गेलं अन् तेल गळायला लागलं. ठोकळा दोरीने बांधून ठेवा.

ट्रान्समच सडका असेल तर कोणताही आधार पुरत नाही. फायबर बोटीत बऱ्याचदा आत प्लायवूड असते, बोल्टच्या भोकातून पाणी शिरते अन् ते कुजते. मोटरचा पाय धरून वर-खाली हलवा अन् नजर ट्रान्समवर ठेवा. पाटी लवली, कोपऱ्यात बारीक भेगा दिसल्या, ठोकल्यावर भद्द आवाज आला, तर ती बोट पुरात माणसं आणायला नेऊ नका, आधी दुरुस्त करा.

लहान मोटर, 10-15 हॉर्सपॉवरपर्यंतची, दोघं मिळून काढता येते, तर काढूनच न्या. आधी उभी धरून पाणी निथळू द्या. आडवी ठेवताना इंजिनाचं डोकं पायापेक्षा वर, नाहीतर उरलेलं पाणी सिलेंडरकडे जाते. फोर-स्ट्रोक असेल तर कोणत्या कुशीवर ठेवायची ते कंपनीने सांगितलेलं असते, त्याच कुशीवर ठेवा, दुसऱ्या बाजूला ठेवली तर ऑइल नको तिथे जाते, अन् पुढच्या वेळी ऐन घाईत मोटर स्टार्ट होत नाही.