कल्याणचं जहाज, भडोचची जकात

(पडद्यावर भूमध्य समुद्राचा नकाशा. आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी.)

इसवी सनापूर्वी २७०. उन्हाळा. उत्तरेला गॉल टोळ्या, समुद्रापलीकडे कार्थेज, तिजोरी बेताची. त्यात सिनेटचा खलिता येऊन पडलाय : अमक्या बंदराची नाकेबंदी करा, तमक्या मुदतीत करा.

हे सगळं निस्तरायचंय ते बोरिवली पूर्वेच्या एका फ्लॅटमधून. निस्तरणारी बाई दिवसा बॅलार्ड इस्टेटच्या एका कस्टम क्लिअरिंग एजंटकडे कामाला असते. न्हावा शेव्याला उतरलेले कंटेनर कागदोपत्री सोडवायचे, हे तिचं काम. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो. आपणही ताईच म्हणू.

"ताई, पानं घेतलीत. ये ना."

"आले रे. एवढं बंदर बसवते."

रोम : टोटल वॉर हा खेळ क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीनं २००४ साली काढला. २०२१ मध्ये त्याची चित्रं घासूनपुसून तो पुन्हा बाजारात आला. खेळायच्या दोन तऱ्हा त्यात एकत्र आहेत. नकाशावर पाळीपाळीनं खेळायचं : एका वर्षाच्या दोन पाळ्या, उन्हाळी आणि हिवाळी. कर किती लावायचा, रस्ता आधी की बंदर, शेजाऱ्याकडे वकील धाडायचा की मारेकरी, हे सगळं निवांत ठरवता येतं. दोन फौजा भिडल्या की नकाशा बाजूला होतो आणि मैदान उघडतं. तिथे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. लांब भाल्यांची फळी समोरून फुटत नाही, पण कुशीतून घोडदळ घुसलं की मिनिटभरात तिची दाणादाण उडते. ज्यानं डोंगराच्या आडोशाला घोडे लपवले नाहीत, त्यानं लढाई तिथेच गमावली म्हणून समजा.

(जुने फोटो : लॅमिंग्टन रोडवरची दुकानं, एका सायबर कॅफेतल्या ओळीनं मांडलेल्या खुर्च्या.)

मुंबईला या खेळांचं वेड लागलं ते त्याआधी, एज ऑफ एम्पायर्सपासून. मूळ खेळ १९९७ चा. लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेला पीसी, फुटपाथवरून आणलेली सीडी, नाहीतर मग तासावर पैसे मोजून सायबरमध्ये लॅन. माणसं लाकूड तोडायची, बोरं वेचायची, आणि तासाभरात अश्मयुगातून लोहयुगात पोचायची. 'वोलोलो' असं ओरडत येणारा पुजारी शत्रूचा सैनिक आपल्या बाजूला वळवायचा आणि शेजारच्या खुर्चीवरून शिवी यायची. अन्न कमी पडलं तर 'पेपरोनी पिझ्झा' एवढं टाइप करायचं, हजार अन्न जमा. पेपरोनी म्हणजे काय ते आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण स्पेलिंग सगळ्यांना पाठ. त्या खेळात इजिप्त होतं, बॅबिलोन होतं, चीनचं शांग घराणं होतं, जपानचे यामातो होते. बारा संस्कृतींच्या त्या पहिल्या यादीत भारत नव्हता. तेव्हा ते कुणाला खटकल्याचं ऐकिवात नाही. हत्ती मिळत होते ना, मग झालं.

(पुन्हा ताईचा पडदा. एका शहराच्या आकडेवारीवर कॅमेरा थांबतो.)

रोम : टोटल वॉरमध्ये शहर वाढलं की नुसता कर वाढत नाही, घाणही वाढते. घाणीचा वेगळा आकडा असतो. लोकसंख्या फुगली, गटारं-स्नानगृहं मागे पडली, राजधानी लांब राहिली की लोक बिथरतात आणि एके दिवशी दंगल पेटते. जिंकलेलं शहर जिंकण्यापेक्षा चालवणं महाग पडतं. हे समजायला मुंबईकराला वेगळी शिकवणी लागत नाही.

सगळंच काही इतकं चोख नाही. या खेळातला इजिप्त पाहा. फेरोंच्या काळातली शिरस्त्राणं, तसलेच रथ. प्रत्यक्षात इसवी सनापूर्वी २७० साली अलेक्झांड्रियात टॉलेमी घराणं राज्य करत होतं. ग्रीक बोलणारं, मॅसिडोनियन पद्धतीनं लढणारं. हजारएक वर्षांपूर्वीचा पोशाख अंगावर चढवला, कारण गिऱ्हाईकाला इजिप्त म्हटलं की तेच हवं असतं. खेळाडू चिडले आणि चिडून कामाला लागले. युरोपा बार्बरोरम नावाचा मॉड, म्हणजे मूळ खेळात फेरफार करून केलेली आवृत्ती, हौशी मंडळींनीच रचला. त्यात टॉलेमींना त्यांचे ग्रीक भालाईत परत मिळाले.

आणि मग तो पडदा येतो. शहर पडतं, आणि खेळ विचारतो : नुसता ताबा घ्यायचा, लोकांना गुलाम करायचं, की कत्तल? तीन बटणं. कत्तल केली तर लूट जास्त आणि बंडाचा धोका कमी. हिशेबी खेळाडू क्षणभरही अडखळत नाही.

खेळ सुरू होतो त्याच सुमाराला इकडे मगधात अशोक गादीवर येत होता. काही वर्षांनी त्यानं कलिंग जिंकलं आणि आकडे स्वतःच दगडात कोरून घेतले : लाखभर माणसं मारली, दीड लाख देशोधडीला लावली, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतोय. हा तेरावा शिलालेख. आपल्या बाजूला सापडले ते आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे. विजेत्याच्या तोंडचा असा मजकूर कुठल्याही खेळाच्या शेवटच्या पडद्यावर मी अजून पाहिलेला नाही.

(विरारकडे जाणारी लोकल. दारातून दिसणारी भाईंदरची खाडी.)

बोरिवलीहून नालासोपारा. दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, की आलंच. स्टेशनाच्या पश्चिमेला, जुन्या सोपाऱ्यात, एक मातीविटांचा उंचवटा आहे. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात अस्थिपात्र, सोन्याची फुलं, बुद्धाच्या छोट्या मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही मिळाला. तो आता फोर्टात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातला मजकूर असा की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला बाहेर पडत, मी मात्र धर्मयात्रेला निघालो. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच भुईगावला सापडला.

बंदर होतं म्हणून लेख इथे आला. आज तिथे बंदर शोधू नका, खाडी गाळानं कधीच भरली.

(पॅराडॉक्स कंपनीच्या इंपरेटर : रोम या खेळाचा नकाशा. कॅमेरा ब्रिटनपासून पूर्वेला सरकत येतो.)

२०१९ च्या या खेळात मात्र आपण आहोत. नकाशा ब्रिटनपासून थेट बंगालपर्यंत. सुरुवात इसवी सनापूर्वी ३०४ ची, म्हणजे अलेक्झांडरचा सरदार सेल्युकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्यातलं भांडण ताजं असतानाची. हत्ती इथे व्यापारी माल आहे. तो हाताशी असल्याशिवाय हत्तीदळ उभं राहत नाही. हे खऱ्या इतिहासाला धरून आहे. सेल्युकसनं सिंधूकाठचे मुलूख सोडले आणि बदल्यात पाचशे हत्ती घेतले, असं ग्रीक लेखक सांगतात. त्या हत्तींनी इसवी सनापूर्वी ३०१ मध्ये इप्ससच्या रणात सेल्युकसचा शत्रू डेमेट्रियस याच्या घोडदळाची परतीची वाट अडवली. एकटा पडलेला डेमेट्रियसचा बाप अँटिगोनस वयाच्या ऐंशीनंतर तिथेच मारला गेला. आशियाच्या वाटणीचा निकाल आपल्याकडच्या जनावरांनी लावला, म्हणा ना.

पण ताईला हत्तींत रस नाही. तिला रस आहे कल्याणमध्ये.

(कल्याणची खाडी. मागे दुर्गाडी पुलावरची वाहतूक.)

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं एक व्यवहारी पुस्तिका लिहिली. नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, वारे कधी पकडायचे, असा सगळा कामाचा मजकूर. भडोचला यायचं तर जुलैच्या सुमारास इजिप्त सोडा. दारू न्या, इटलीची आधी. तांबं, कथील, शिसं, पोवळं न्या. तिथून हस्तिदंत, अकीक, सुती कापड आणि पिंपळी भरा. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवस पूर्वेला.

मग भडोचच्या दक्षिणेची बंदरं येतात. सुप्पारा, म्हणजे सोपारा. कल्लिएना, म्हणजे कल्याण. आणि इथे लेखक जरा थांबून एक गोष्ट नोंदवतो. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण ही रीतसर व्यापारपेठ होती. पुढे ते सांदनेसच्या हातात गेलं आणि तिथल्या व्यापारात फार अडथळे आले. आता ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलं, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता असते.

ताईनं हे वाचलं आणि पहिली प्रतिक्रिया दिली ती ऑफिसातली. "म्हणजे मालाला पोर्ट कल्याण, आणि ड्युटी भरायची भडोचला!"

सारगनस हे सातकर्णीचंच ग्रीक तोंडी बसलेलं रूप, असं अभ्यासक मानतात. भडोच होतं क्षत्रपांकडे, म्हणजे शक राजांकडे, आणि त्यांचा नामांकित राजा नहपान. कोकणातली बंदरं, नाणेघाटासारख्या वाटा आणि वर जुन्नर-पैठणच्या पेठा, ही सगळी एकच साखळी. जहाजातून उतरलेला माल बैलांवर लादून घाट चढायचा. घाटमाथ्यावर सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख असलेली गुहा आणि दगडी रांजण. त्या रांजणात जकातीची नाणी पडत, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बंदर एकाचं आणि घाट दुसऱ्याचा झाला, की साखळी तुटली. शहर न जाळता, तटाला शिडी न लावता शत्रूचं उत्पन्न बंद.

हा डाव दोन्ही खेळांतल्या कुठल्याही वेढ्यापेक्षा मला सरस वाटतो.

आणि क्षत्रप काही नुसते नाकेबंदी करणारे नव्हते. नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचे लेख आहेत. त्यानं नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, आणि त्या नद्यांच्या यादीत तापीबरोबर दहाणुका आहे, म्हणजे आपली डहाणूची. भडोच, सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून दिली : दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं, आणि एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण टक्क्यानं. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. कुठल्याही पतपेढीच्या सभासदाला ही भाषा लगेच कळेल. यातलं खेळात काय दिसतं? 'बाजारपेठ बांधा' असं एक बटण.

(एका नाण्याचं मोठं केलेलं चित्र. प्रकाश तिरका, उठाव दिसावा म्हणून.)

हे नाणं नीट बघा. चांदीचं, नखाएवढं. एका बाजूला नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी मजकूर. तीन लिप्या एवढ्याशा जागेत. आणि आता त्या चेहऱ्यावरच, गालावर म्हणा, कपाळावर म्हणा, कमानींच्या टेकडीचा दुसरा ठसा. हा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाला हरवल्यावर त्यानं चांदी वितळवत बसायची तसदीच घेतली नाही. नाणी आहेत तशी घेतली आणि वर आपला शिक्का हाणला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी एका जागी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा होता.

राज्य बदललं हे बाजारात असं कळत असणार : सुट्टे परत घेताना.

(पुन्हा बोरिवली. पडद्यावर खेळ नाही, नोटपॅड उघडलंय.)

रोम : टोटल वॉरची एक सोय अशी की मोहिमेची सुरुवातीची मांडणी साध्या मजकुराच्या फायलीत असते. कुणाकडे कुठलं शहर, किती पैसा, कुठे कोणती फौज, सगळं नोटपॅडमध्ये बदलता येतं. त्यावरच जगभरचे मॉड उभे आहेत. भाऊ-बहीण मिळून गेले काही महिने एक नवा नकाशा जुळवतायत : भडोच, सोपारा, कल्याण, चौल, नाशिक, जुन्नर, पैठण, तेर. भावाकडे नकाशा आणि फौजा, ताईकडे पैसा.

अडलंय ते तिच्या खात्यात. या खेळात बंदराची नाकेबंदी होते, सिनेट तर ऊठसूट तेच काम सांगतं. जहाजं तोंडाशी उभी केली की त्या बंदराचा समुद्री व्यापार थांबतो. पण थांबलेला व्यापार दुसऱ्याच्या बंदरात वळवता येत नाही. आणि कल्याणची सगळी गोष्टच वळवण्याची आहे.

भावानं पळवाट काढली. स्क्रिप्ट लिहायची. कल्याणच्या वाटेवर क्षत्रपांचा पहारा असेल, तर दर पाळीला सातवाहनांच्या खजिन्यातून रक्कम वजा आणि तेवढीच क्षत्रपांकडे जमा. राहिला प्रश्न दराचा. रोमन साम्राज्यात पूर्वेकडून येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के जकात होती. ताईनं तोच आकडा भडोचला लावलाय.

"पंचवीस फार होतात गं," भाऊ म्हणतो. "क्षत्रप दहा वर्षांत गबर होतील. सातवाहन खेळणाऱ्याला काही चान्सच नाही उरणार."

"होऊ देत गबर," ताई फाइल सेव्ह करत म्हणते. "त्याशिवाय तो घाट उतरून खाली येणार कशाला?"