फीच्या खिडकीतून दिसणारा जून

(नाशिकमधल्या एका शाळेच्या पालकसभेत एप्रिल महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप. वक्त्या दुसऱ्या एका शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्या आहेत.)

नमस्कार मंडळी. मागे उभे असलेल्यांनी पुढे येऊन बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज मी कुणाची थकबाकी मागणार नाहीये. (हशा)

मी अर्थतज्ज्ञ नाही. फीच्या खिडकीमागे बसून माझी नोकरी झाली. त्या खिडकीतून माणसाचा पगार दिसत नाही, पण पैसे कुठून आणलेत ते बरोबर दिसतं. कुणी बँकेचं कोरं पुडकं सरकवतो. कुणी दहा-वीसच्या नोटा मोजून रबर लावून आणतो. एखादीच्या गळ्यात मे महिन्यात सोन्याच्या वाट्या असतात आणि जूनमध्ये नुसते काळे मणी. आपण काही विचारत नाही, ती काही सांगत नाही. हीच माणसं ऑक्टोबरात, जानेवारीत अगदी व्यवस्थित असतात. बेताचं उत्पन्न, पण कुणापुढे हात पसरत नाहीत. घर कोलमडतं ते जूनमध्ये.

का? आपण हिशोब महिन्याचा धरतो. किराणा, भाडं, गॅस, दूध, मोबाइल, दर महिन्याला साधारण तेवढंच. शाळा मात्र वर्षातून एकदा अंगावर येते. फीचा पहिला हप्ता, गणवेश, बूट, दप्तर, वह्या, रेनकोट, व्हॅनवाल्याचे आगाऊ पैसे. त्याच सुमारास गावाकडे पेरणी असेल तर तिकडेही पाठवायचे. आणि मे महिन्यात लग्नाच्या अहेरांनी हात आधीच रिकामा केलेला असतो. 15 जून काही अचानक येत नाही हो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, एवढाच काय तो फरक.

तेव्हा आज घरी गेल्यावर एकच काम करा. गेल्या जूनमध्ये शाळेपायी काय काय गेलं ते कागदावर मांडा. आठवत नसेल तर मोबाइलमध्ये बघा, यूपीआयनं सगळं लिहून ठेवलेलं असतं. समजा दोन मुलांचे मिळून 36 हजार निघाले. म्हणजे तुमच्या घराला महिन्याला 3 हजारांचा खर्च आहे, जो तुम्ही अकरा महिने धरतच नाही.

आता त्याची सोय. बँकेत 12 महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, उघडायची, येत्या मेच्या पहिल्या आठवड्यात. पुढच्या मे महिन्यात पैसे हातात. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं बँकेला सांगून ठेवायचं. पोस्टाची आरडी सुरक्षित आहे, पण ती पाच वर्षांची. तीन वर्षांआधी मोडता येत नाही. त्यामुळे जूनसाठी तिचा उपयोग नाही. व्याजाकडे फार बघू नका, वर्षभराच्या आरडीवर व्याज ते किती मिळणार? खरी कमाई वाचलेल्या कर्जाची आहे. क्रेडिट कार्डाची बाकी थकवली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, वर्षाचे चाळीसच्या आसपास. एवढं व्याज देणारी ठेव जगात कुठे मिळत नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नका.

3 हजार नाही जमत? 1,500 टाका. अर्धा जून तरी आपल्या पैशात होईल.

कागदावर आणखी एक ओळ वाढवा, ती कुणाच्या लक्षात राहत नाही. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवर, खासगी शाळेत प्रवेश मिळालेल्यांची फी आठवीपर्यंत माफ असते. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी सुरू होते. मूल सहावीत असताना हा विचार केला तर वेळ हातात असतो. आठवीच्या निकालादिवशी माझ्या खिडकीशी येऊन "मॅडम, आता कसं?" म्हणणाऱ्या बापाला मी काय सांगणार? काहींनी शाळा बदलली, आणि मुलं तिथे उत्तम शिकली. पण ठरवून बदलणं वेगळं आणि फी भरता येईना म्हणून बदलणं वेगळं, पोराला ते कळतं.

पैसे न घालता पैसे मिळवायची एक वाट शाळेतच असते. आठवीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा होते. सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार, म्हणजे चार वर्षांचे 48 हजार. अर्ज शाळेमार्फतच जातो. हुशार मुलं यातून कशी गळतात सांगू? उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसतो, बँकखात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचं राहून जातं. तहसीलचा दाखला आणि मुलाचं खातं सातवीच्या सुट्टीतच करून ठेवा. त्या वेळी सेतू केंद्रात दाखल्यांसाठी रांग असते, असू दे.

एसटीचंही तसंच. गावाहून शाळेत येणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना मोठी सवलत. तरी दर वर्षी कुणीतरी पहिले दोन महिने तिकीट काढून प्रवास करतं, कारण फॉर्म आणायला वेळ झाला नाही.

आता वस्तू. गणवेश घेताना एक माप मोठा, दुमड आत ठेवून शिवलेला. हे तुमच्या आईनंही केलंय. वह्यांची उरलेली कोरी पानं काढून दाभणानं शिवायची, वर जुन्या कॅलेंडरचं जाड पान, झाली रफ वही. मुलांनाच शिवू द्या, त्यांना मजा येते. सरकारी आणि अनुदानित शाळेत बालभारतीची पुस्तकं आठवीपर्यंत फुकट मिळतात. नववी-दहावीची वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्या. पुण्यात नातेवाईक असतील तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघायला सांगा. फक्त धाकट्यासाठी थोरल्याची पुस्तकं जपून ठेवणाऱ्यांनी थोडं सावध राहा, नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं वर येतोय. ठेवलेलं पुस्तक रद्दी ठरायच्या आत कुणाला तरी देऊन टाका.

विजेचं थोडक्यात सांगते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटचा दर कमी आणि 101 पासून पुढचा बराच जास्त. साधा पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 13 युनिट वाचतात, आणि ती महागड्या टप्प्यातली वाचतात. पंखा बिघडेल तेव्हा बदला, चालू पंखा काढून नवा घेणं ही बचत नव्हे, हौस आहे.

जिथे काटकसर करू नये अशाही जागा आहेत. मुलाच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल तर "सहामाही होऊ दे" म्हणू नका. बूट एक माप मोठे घेऊ नका, गणवेशाचा नियम पायाला लागू होत नाही. दूध आणि फळं कापून क्लासची फी भरणारे पालक मी पाहिलेत, मला ते अजिबात पटलेलं नाही. पाचवीच्या मुलाला तीन-तीन क्लास कशाला? आणि डब्यात रोज दहा रुपयांचं पाकीट देत असाल तर दोन मुलांचे 25 दिवसांचे 500 झाले. भाजणीचं थालीपीठ त्यापेक्षा स्वस्तात होतं. मान्य, सकाळी सहाला ते लावावं लागतं, आणि लावणारी बहुतेक एकटीच असते. काटकसरीचं ओझं घरातल्या एकाच माणसावर टाकायचं आणि बाकीच्यांनी तिला "बचत करते हो आमची" म्हणून शाबासकी द्यायची, हे बंद करा. बाबांनी कणीक तिंबली तरी भाकरी-पोळी चालते.

काही खर्च असे आहेत की एकट्या घरानं ठरवून ते कमी होत नाहीत. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टचंच उदाहरण घ्या. एकानं पेन्सिल दिली की दुसरा पाऊच देतो, तिसरा डबा देतो. चाळीस मुलांचा वर्ग. देणाऱ्याला परवडत नाही, घेणाऱ्याच्या घरी ते दोन दिवसांत मोडतं. एकटी आई "आम्ही देणार नाही" म्हणाली तर तिचं मूल वर्गात कानकोंडं होतं. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी मिळून बंद केलं तर एका दिवसात बंद होतं. तीच गोष्ट शाळेच्या फीची. महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. खासगी शाळांनी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. त्या सभेला पालक येत नाहीत, आणि वाढलेली फी भरताना खिडकीतल्या बाईशी भांडतात. (हशा) हसू नका, मी तीस-पस्तीस रुपयांच्या पावतीवरूनही भांडणं ऐकली आहेत.

मुलीची आई आहात, मुलगी दहा वर्षांच्या आतली आहे? सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेचं खातं 250 रुपयांत उघडतं. ते उच्च शिक्षणासाठी आहे, जूनसाठी नाही. दोन्ही पिशव्या वेगळ्या ठेवा आणि एकीतून दुसरीत हात घालू नका.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय. "मी रिक्षा चालवतो, पगार नाही, हप्ता कसा कापायचा?" चांगला प्रश्न. तुमच्यासाठी पिग्मी. रोजचे 50 किंवा 100 रुपये एजंट दारात येऊन नेतो. 100 रुपये धरले तर वर्षाला 36,500, म्हणजे मघाचा आपला जून. व्याज कमी मिळतं आणि मुदतीआधी मोडली तर काही रक्कम कापतात, ते आधी विचारून घ्या. जिथे बँकेची पिग्मी मिळते तिथे बँकेचीच घ्या. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ 5 लाखांपर्यंत पैसे देतं, सहकारी बँकेलाही ते लागू आहे, पण पतसंस्थेला नाही. भिशी ओळखीच्या बायकांची असेल तर खेळा, पण फीचे पैसे भिशीवर ठेवू नका. तुमचा नंबर जूनमध्येच लागेल याची हमी कुणी देत नाही. आणि एजंटला पैसे देताना पावती किंवा मोबाइलवरचा मेसेज त्याच जागी बघायचा. तो कितीही ओळखीचा असला, तरी महिन्यातून एकदा स्वतः बँकेत जाऊन बाकी विचारून यायची.