नमस्कार, पण अट घालून

श्रोतेहो, नमस्कार. सगळ्या धर्मांत सत्य असू शकतं का, हा आजचा विषय. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगणार नाही; गॅदरिंगच्या भाषणांत ती ऐकून हत्तीही कंटाळला असेल. त्यापेक्षा सोमनाथला जाऊ.

बारावं शतक. गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणचा राजा कुमारपाळ याने सोमनाथाचं देऊळ नव्याने बांधलं. त्याचे गुरू हेमचंद्र, जैन आचार्य. मेरुतुंग या जैन लेखकाच्या ‘प्रबंधचिंतामणी’ या ग्रंथात हा किस्सा येतो. दरबारातल्या मंडळींनी राजाचे कान भरले, “आचार्यांना न्या की बरोबर! शिवाला हात जोडतात का, ते कळेल.” राजाने विचारलं, आचार्य लगेच तयार. पालखी मात्र नको म्हणाले. जैन साधू पायीच जाणार. देवळात पोचले. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हातांवर. आचार्यांनी हात जोडले आणि म्हणाले,

भवबीजाङ्कुरजनना रागाद्याः क्षयमुपागता यस्य ।
ब्रह्मा वा विष्णुर्वा हरो जिनो वा नमस्तस्मै ॥

संसाराच्या बीजाला कोंब फुटतो तो रागद्वेषामुळे. ते ज्याचे संपले, तो ब्रह्मा असो, विष्णू असो, हर असो की जिन (रागद्वेष जिंकलेला, जैनांचा तीर्थंकर), त्याला नमस्कार.

पुन्हा सांगतो, नीट ऐका. ‘सगळे देव सारखेच’ असं आचार्य म्हणाले नाहीत. नमस्काराला अट आहे: ‘यस्य’, ज्याचे रागद्वेष संपले त्यालाच. आणि स्वतःच्या जिनाला त्यांनी रांगेत शेवटी उभं केलंय.

याच हेमचंद्रांनी एका बत्तीस श्लोकांच्या स्तोत्रात तीन पायऱ्या सांगितल्या. ‘सदेव’, आहेच, हा दुर्नय, म्हणजे हेकट, चुकीची दृष्टी. ‘सत्’, आहे, हा नय, म्हणजे एका बाजूने पाहणं. ‘स्यात् सत्’, अमुक अपेक्षेने, म्हणजे अमुक दृष्टीने आहे, हे प्रमाण, म्हणजे पुरतं ज्ञान. मराठीत सांगायचं तर सगळं भांडण त्या ‘च’चं. माठ मातीचा म्हणून आहे, तांब्याचा म्हणून नाही. ओट्यावर आहे, माजघरात नाही. दोन्ही खरं, पण कोणत्या अपेक्षेने ते सांगितलं तर. इथे हमखास चूक होते: ‘स्यात्’चा अर्थ ‘कदाचित’ लावतात, आणि जैनांना काही ठाम बोलताच येत नाही असा शेरा मारून मोकळे. गाईडवरून संस्कृत शिकलं की असं होतं.

तर ‘सगळे धर्म खरे’ म्हणणाऱ्याला हेमचंद्र आधी विचारतील, कशाबाबत? रागद्वेष सुटावेत, याबाबत त्यांचे हात सोमनाथापुढे जुळले. जग ईश्वराने निर्माण केलं, याबाबत नाही. पायऱ्यांची ती ओळ ज्या स्तोत्रात आहे, त्याच स्तोत्रात त्यांनी जगाचा कर्ता मानणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतलाय.