एक क्युसेक, एक तास

माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली. उन्हाळी आवर्तन सुटलं की पहाटे मोटारसायकल काढायची, कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं थेट टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचं. फाट्याचं गेट कुणी रात्रीत उचललंय का, भराव कुठं पाझरतोय का, हे बघत जायचं. टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. त्यामुळे लेक आणि जावई इंग्लंडात कालव्यावर बोटीत राहायला गेले असं कळलं, तेव्हा मी फोनवर पहिलं विचारलं, ‘‘डिस्चार्ज किती आहे?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, इथलं पाणी वाहत नाही. उभं असतं.’’

उभ्या पाण्याचा कालवा मला समजेना. म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिकडं गेलो आणि नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत त्या बोटीत राहिलो. आज मी बोलणार आहे ते या पानगळीच्या दिवसांबद्दल.

आधी बोट कशी ते सांगतो. नॅरोबोट म्हणजे अरुंद बोट. आमच्या बोटीची लांबी ५७ फूट आणि रुंदी ६ फूट १० इंच. एसटीच्या गाडीहूनही अरुंद. समोरासमोर दोघं आले तर एकानं अंग चोरून भिंतीला टेकायचं, तेव्हा दुसरा जाणार. ही रुंदी ठरली ती अठराव्या शतकात. जेम्स ब्रिंडली नावाचा गिरणीच्या चाकांची कामं करणारा कारागीर होता. वूर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला त्यानं ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरसाठी कालवा बांधला, तो १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांची लाट आली. पुढच्या कालव्यांना ब्रिंडलीनं जे लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद बांधले, ते सात फूट रुंदीचे ठेवले. रुंदी कमी, तर दगडकाम कमी आणि पाणीही कमी. तो १७७२ मध्ये वारला, पण मध्य इंग्लंडातली बोट आजही त्यानं आखलेल्या सात फुटांतच बसते.

आम्ही गेलो तो ऑक्सफर्ड कालवा. ब्राउन्स्टन गावापासून ऑक्सफर्डपर्यंत. अंतर ९० किलोमीटरच्या आतलं. मोटारीनं तासा-सव्वातासाचा रस्ता, आम्हाला पाच आठवडे लागले. वेगाची मर्यादाच ताशी चार मैल. उभ्या बोटींजवळून जाताना इंजिन आणखी मंद करायचं, नाहीतर त्यांचे दोर ताणून खुंट्या उपटतात. ज्यांच्याकडे कायमची जागा नाही त्यांनी एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे. लेक-जावई त्यातलेच, सतत फिरते.

नॅप्टनला टेकडीवर पवनचक्की आहे. तिथं नऊ लॉक चढायचे असतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. मागंपुढं दारं, मध्ये दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या दाराची झडप हँडलनं उघडायची, हौद भरतो, बोट वर येते. जावई बोटीवर उभा होता, लेक हँडल फिरवत होती आणि मी काठावर उभा राहून मनात गणित मांडत होतो. हौदाची लांबी बहात्तर फूट, रुंदी सात, उंची धरा सात. साडेतीन हजार घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे हे झालं एक क्युसेक पाणी एक तास! एक लाख लिटर. एक बोट एक पायरी चढली की माथ्यावरचं एवढं पाणी खाली जातं आणि आपोआप परत येत नाही. आमच्याकडे एक क्युसेक एक तास म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची अख्खी पाळी. मी त्या दिवसापासून त्या कालव्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. पाणी उभं दिसतं, पण ते थेंबाथेंबानं मोजलेलं असतं. माथ्यावर त्याच्यासाठी तीन तलाव बांधून ठेवले आहेत. समोरून बोट येत असेल तर तिच्यासाठी थांबायचं, म्हणजे एकाच पाण्यात दोन बोटी पार होतात. हे तिथं लहान पोरालाही माहीत असतं.

ऑक्टोबरात हे काम जपून करावं लागतं. लॉकच्या काठावर ओली पानं बसलेली असतात, दाराच्या तुळईवर शेवाळ. दार उघडायला पाठ लावून तुळई ढकलायची तर पाय रोवायला विटांच्या उभ्या रांगा काढून ठेवल्या आहेत. त्यावर टाच अडकवायची. आमच्या सौभाग्यवतीनं ते पहिल्याच दिवशी जमवलं. जात्यावर बसायची सवय असलेल्या आईची मुलगी, तिला जोर कुठून लावायचा हे सांगावं लागलं नाही.

नॅप्टन चढलं की माथ्याचा टप्पा, अकरा मैल, एकही लॉक नाही. कावळ्याला निम्म्याहून कमी उडावं लागेल, पण कालवा डोंगरउताराची समपातळी धरून वळत वळत जातो. आपले जुने पाटही असेच आखलेले. भराव नको, खोदाई नको, पातळी सोडायची नाही. आणि तळाला काय, तर तुडवलेली चिकणमाती. भाताच्या खाचरात आपण चिखलणी करतो, तशीच माती पाण्यात कालवून थरावर थर तुडवायचा, कधी गुरंही फिरवायची. तो थर ओला आहे तोवर पाणी धरतो, वाळला की भेगाळतो. म्हणजे कालव्यात पाणी ठेवणं हीच कालव्याची निगा. १७७८ मध्ये हा कालवा बॅनबरीपर्यंत पोचला आणि १ जानेवारी १७९० ला ऑक्सफर्डला. ती माती अजून पाणी धरून आहे.

माथ्यावरच आमची बोट एका दुपारी चालेनाशी झाली. इंजिन घरघरतंय, पाठीमागं काळं पाणी उसळतंय, आणि बोट जागच्या जागी. जावई म्हणाला, ‘‘पानं.’’ दोन्ही बाजूंना झाडं, पाण्यावर पिवळ्या पानांची चादर, आणि तिच्याखाली आणखी एक थर, कुजून काळा पडलेला. बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात तो लगदा भरतो. एरवी क्षणभर इंजिन उलटं फिरवलं की पंखा पानं थुंकून टाकतो. त्या दिवशी तीनदा उलटं फिरवूनही जमेना. मग त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली, मागच्या फळ्या उचलल्या आणि पंख्याच्या वरचं लोखंडी झाकण उघडलं. शर्ट काढून खांद्यापर्यंत हात पाण्यात. पानं नव्हतीच नुसती. कुणाच्या तरी कुंपणाची हिरवी जाळी, तिच्यात पानं, सगळी मिळून पंख्याला आवळलेली. कात्रीनं एकेक धागा कापत अर्धा तास गेला. हात निळा पडला होता. बाहेर काढल्यावर हिनं तो स्वतःच्या पदरात गुंडाळून धरला. पण त्याचं लक्ष झाकणाकडं. झाकण बसवलं, पकड आवळली, इंजिन सुरू केलं, मग विजेरी घेऊन दोनदा तपासलं. ते झाकण नीट बसलं नाही तर पंखाच पाणी आत उडवतो आणि बोट बुडते.

संध्याकाळी चारलाच उजेड उतरायला लागायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात आणि मग पावणेपाचला सूर्य मावळतो. त्याआधी खुंट्या ठोकून बोट बांधायची. छतावरच्या सौर तबकड्या जुलैत जेवढी वीज देतात तिचा लहानसा वाटा आता मिळतो. बाकीची इंजिन चालवून बॅटऱ्यांत भरायची. तेही सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्यातच, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून. दिवा एकच लावायचा. पाण्याची टाकी किती उरली, गॅस किती, कोळशाची पोती किती, हे रोज संध्याकाळी लेक वहीत लिहायची. ती वही बघून मला माझं पाणीवाटपाचं रजिस्टर आठवलं.

आणि शेगडी. लोखंडी, बुटकी, चार पायांवर उभी. तिच्यावर सगळं घर उबदार. झोपताना तिच्यात कोळसा भरायचा, खालची हवेची फट जवळजवळ बंद करायची, की सकाळपर्यंत निखारा धुमसत राहतो. माझी आजी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची, सकाळी फुंकर मारून त्यावरच चहाचं आधण. लेकीनं आजीला पाहिलेलं नाही. पण पहाटे ती उकिडवी बसून शेगडीचं दार किलकिलं करायची, काटकी ठेवायची आणि वाट बघायची, ते मी पडल्या पडल्या बघायचो. छताला धूरवायूचा इशारा देणारं यंत्र बसवलेलं. त्याचं बटण दर आठवड्याला दाबून बघायचं, हा तिचा नियम. बंद बोटीत कोळशाचा वायू माणसाला झोपेतच नेतो. राख लगेच टाकायची नाही. झाकणाच्या लोखंडी बादलीत, मागच्या बाजूला, एक-दोन दिवस निववायची.

कोळसा विकणारी बोट येते. पुढच्या उघड्या भागात पोती रचलेली, गॅसच्या टाक्या, डिझेलचा पाइप. हात केला की ती आपल्या बोटीला लागून थांबते. आमच्याकडे आली ती बाई साठीच्या पुढची, पंचवीस किलोचं पोतं एका दमात उचलून छतावर ठेवणारी. पूर्वी या कालव्यावर मालाच्या बोटींत कुटुंबंच्या कुटुंबं राहत. मागं जेमतेम दहा फुटांची खोली, तिच्यात चूल, फळीचं अंथरूण, दारावर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा शहरातल्या तरुण मुली शिकून या बोटी चालवायला आल्या. ब्राउन्स्टनच्या पुलांच्या कडेला लोखंडात खोल चरे पडले आहेत. घोड्यानं ओढलेल्या ओल्या दोरांनी पाडलेले. मी त्या चरांत हाताचं बोट घालून पाहिलं. पेरं आत जातं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून गेले, मालवाहतूक तिथून जवळपास संपलीच.

बॅनबरीच्या खाली आइन्होचा लॉक आहे, तो मी दोनदा जाऊन बघितला. तिथं चारवेल नदी कालव्याला आडवी येते आणि त्याच पातळीवर ओलांडून जाते. लॉक जेमतेम फूटभर उतरतो, पण त्याचा हौद चौकटीच्या एक्क्यासारखा रुंद. एवढ्याशा उताराला एवढा हौद कशाला? तर पुढचा सॉमर्टनचा लॉक बारा फूट खोल आहे. त्याला दर वेळी जितकं पाणी लागतं तितकं या उथळ लॉकनं सोडलं पाहिजे, नाहीतर मधला टप्पा आटेल. उंची मिळत नाही, म्हणून क्षेत्रफळ वाढवलं. काय सुंदर विचार! अशा माणसाच्या हाताखाली मी आनंदानं नोकरी केली असती.

त्याच नदीनं आम्हाला शिप्टनजवळ चार दिवस थांबवलं. तिथं मैलभर कालवा नदीतूनच जातो. पाऊस झाला की पाणी चढतं. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. पाणी लालात होतं. अशा वेळी आमच्या गावाकडे कुणीतरी ‘काही होत नाही’ म्हणून पुलावरून गाडी घालतोच. तिथं सात बोटी रांगेत थांबल्या, कुणी पाव भाजला, हिनं थालीपिठं लावली.

नोव्हेंबर लागला की कालव्याची दुरुस्ती सुरू होते. मार्चपर्यंत आळीपाळीनं लॉक बंद. २०१२ पासून हे सगळं कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था बघते, आणि पगारी माणसांबरोबर स्वयंसेवकही असतात. ओकच्या लाकडाची दारं पंचवीस-एक वर्षं टिकतात, मग बदलायची. आम्ही उतरून आलो त्यातल्याच एका लॉकवर काम निघालं होतं. मी सायकलनं मागं गेलो. वरच्या अंगाला, भिंतीतल्या खाचांत, फळ्यांवर फळ्या सोडून पाणी अडवलं होतं. मला भरून आलं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला आपण याच दिवसांत बर्गे घालतो, अगदी तसंच! आपण पाणी साठवायला घालतो, ते लॉक कोरडा करायला घालतात, एवढाच फरक.

फळ्यांच्या फटींतून पाणी गळत होतं. काम करणाऱ्यांपैकी एक जण पांढऱ्या दाढीचा. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे फटींत चिकणमाती भरतात. तो म्हणाला, आम्ही राख वापरतो, तुमच्या बोटीवर शेगडी आहे ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमची राखेची बादली सायकलला अडकवून नेली. त्यानं ती माझ्याच हातात ठेवली आणि फळ्यांच्या वरच्या बाजूला, पाण्यात कुठं सोडायची ती जागा बोटानं दाखवली. मी हळूहळू ओतली. राख पाण्यात ढगासारखी पसरली, मग एका जागी वळली, बारीक धार होऊन फटीकडे ओढली गेली आणि आत शिरली. पलीकडे लॉकच्या तळात पडणारं पाणी आधी करड्या रंगाचं झालं, मग बारीक झालं, मग थेंब थेंब. दाढीवाला वाकून बघत होता. ‘‘अजून आहे का?’’ त्यानं विचारलं. मी बादली उपडी करून तळ झटकला.